हवा सोडू का, जॅमर लावू का? आधी फाटकाची रेषा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात एका डीपी रोडवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातल्या रस्त्यावर, तुमची बारा फ्लॅटची सोसायटी आहे. शेजारी दीड वर्षापूर्वी मोठं हॉटेल आलं. तेव्हापासून शुक्रवार ते रविवार, संध्याकाळी सातनंतर तिथे जेवायला येणाऱ्यांच्या गाड्या तुमच्या पुढच्या मोकळ्या जागेत लागतात. ट्रॅफिकवाले म्हणतात, खाजगी जागा आहे, आम्ही उचलणार नाही. चौकीवाले म्हणतात, पार्किंगचं ना, मग ट्रॅफिकला सांगा. मागच्या रविवारी सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं होतं आणि तुमची गाडी चाळीस मिनिटं आत अडकली. आता तुम्ही विचारताय, चाकाला जॅमर लावू का, की चार गाड्यांची हवा सोडली की सगळे सरळ होतील?

मी वकील नाही. एकोणीस वर्षं पुण्यात सोसायट्यांचं व्यवस्थापन बघते, सध्या अकरा सोसायट्या माझ्याकडे आहेत आणि पार्किंगवरून भांडण नाही अशी त्यात एकही नाही. हवा सोडण्याबद्दल आधी सांगून टाकते, कारण तो प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत झालाय. माझं पहिलंच वर्ष होतं. कमिटीतल्या दोघा उत्साही काकांनी रात्री नऊ वाजता एका परक्या गाडीच्या दोन चाकांची हवा सोडली. मीही गप्प राहिले, खरं तर थोडं बरंच वाटलं होतं. साडेदहाला मालक आला. गाडी हलेना. स्टेपनी एकच. शिव्यागाळ झाली, पोलीस आले, सेक्रेटरींवर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली आणि ती गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पंक्चरवाला येईपर्यंत तिथेच उभी होती. एरवी दीड तासात गेली असती. हवा सोडलेली गाडी जागा सोडत नाही, एवढी साधी गोष्ट त्या रात्री कुणाच्या डोक्यात आली नाही.

त्यात कायद्याने आपणच आरोपी होतो. दुसऱ्याच्या वस्तूचं जाणूनबुजून नुकसान करणं म्हणजे आगळीक. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये ती येते. आपल्याकडे पाट्या लावायची हौस दांडगी. ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ अशी पाटी कुठे असेल तर ती आजच काढा. हवा कुणी सोडली हे एरवी सिद्ध करावं लागलं असतं. पाटी लावून आपण लेखी कबुली आधीच देऊन ठेवतो.

जॅमरचं गणित थोडं वेगळं आहे, पण उत्तर तेच. सोसायटीतल्या सभासदाने दुसऱ्याच्या जागेत गाडी लावली, तर निदान त्याच्याशी आपलं काही नातं असतं. तो उपविधींनी, म्हणजे सोसायटीच्या नियमांनी, बांधलेला असतो, सर्वसाधारण सभेचे ठराव त्याला लागू होतात. तिथेही जॅमर मला आवडत नाही, पण वाद घालायला जागा आहे. हॉटेलात जेवायला आलेल्या माणसाशी तुमचं असलं कुठलंच नातं नाही. दंड करण्याचा अधिकार एक तर सरकारला असतो, नाही तर ज्याने आधी मान्य केलंय त्याच्यापुरता असतो. ‘पाचशे रुपये द्या, मग कुलूप काढतो’ असं तुमच्या वॉचमनने म्हटलं की समोरचा माणूस खंडणीची भाषा बोलायला लागतो. तक्रार टिकेल न टिकेल, पण ती रात्र तुमच्या चेअरमनची चौकीत जाते. आणि पुन्हा, जॅमर लावलेली गाडीही तुमच्याच जागेत उभी राहते.

तुमचा खरा प्रश्न, मला दिसतो तो असा: ती जागा कुणाची आहे हे येणाऱ्याला कळतच नाही आणि ती तुमची आहे हे तुम्ही कुठे लिहूनही ठेवलेलं नाही. सगळा वेळ गाडीशी भांडण्यात जातोय. गाड्या दर शुक्रवारी बदलतात, जागा तीच राहते. म्हणून काम जागेवर करायचं.

पहिली गोष्ट, फाटकाची रेषा. ट्रॅफिकवाले आणि चौकीवाले तुम्हाला टोलवतात ते नेहमीच आळसाने नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे जिथे जाण्याचा जनतेला हक्क आहे अशी जागा. बेवारस किंवा चुकीच्या जागी उभी गाडी उचलण्याचा वाहतूक पोलिसांचा अधिकार, कलम १२७, अशाच जागेपुरता आहे. तुमच्या कंपाउंडच्या आत त्यांची क्रेन येत नाही ते यामुळे. पण गाडी फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर, तुमचं प्रवेशद्वार अडवून उभी असेल तर चित्र पालटतं. आवाराचं प्रवेशद्वार अडवून गाडी लावायला वाहतुकीच्या नियमांत सरळ मनाई आहे आणि ती गाडी रस्त्यावर आहे. ते काम ट्रॅफिकचंच. तेव्हा फोन करताना ‘आमच्याकडे पार्किंगचा त्रास आहे’ म्हणू नका. ‘अमुक रस्ता, अमुक इमारत, रस्त्यावर उभ्या गाडीने फाटक अडवलंय, नंबर अमुक’ असं म्हणा. आत असेल तर ट्रॅफिकला फोनच करू नका, ११२ लावा आणि ‘खाजगी आवारात परकी गाडी, आमची बाहेर निघत नाही’ एवढंच सांगा. एका वाक्याच्या फरकाने फोन योग्य माणसाकडे जातो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. आणि पेशंट नसताना पेशंट आहे म्हणून सांगू नका. दुसऱ्यांदा कुणी येत नाही.

आता तुमची मोकळी जागा या रेषेच्या आत आहे की बाहेर? तुम्ही ‘आमची पुढची जागा’ असं लिहिलंय. माझा अनुभव असा की डीपी रोडवरच्या इमारतींत दहापैकी निम्म्या कमिट्यांना याचं उत्तर नक्की माहीत नसतं. इमारत बांधताना रस्तारुंदीची पट्टी बिल्डरने महापालिकेच्या ताब्यात दिलेली असते आणि तिच्या बदल्यात एफएसआय किंवा टीडीआर, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, घेतलेला असतो. रस्ता मात्र पंधरा पंधरा वर्षं रुंद होत नाही. मग तिथे सोसायटी पेव्हर ब्लॉक घालते, कुंड्या मांडते आणि ती पट्टी आपलीच वाटायला लागते.

माझ्याकडच्या एका सोसायटीने अशा पट्टीवर पिवळे पट्टे मारून, नंबर टाकून दोन वर्षं शेजारच्या दवाखान्याशी भांडण केलं. वकिलाची नोटीस गेली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई शांतपणे मंजूर नकाशाची प्रत घेऊन मीटिंगला आल्या. नकाशावर रस्तारुंदीची रेषा लालने काढलेली होती आणि ती सोसायटीच्या पहिल्या स्टिल्ट खांबापासून (इमारतीखालच्या उघड्या पार्किंगचा खांब) जेमतेम साडेचार मीटरवर होती. सोसायटी ज्या आठ गाड्यांच्या जागेसाठी भांडत होती, त्यातल्या पाच महापालिकेच्या जमिनीवर होत्या. चेअरमन तो कागद उलटासुलटा करून बघत राहिले. उरलेल्या तीन जागांबद्दल बाईंनी एका शब्दाने वाद घातला नाही.

म्हणून आधी कागद बाहेर काढा. मंजूर नकाशा, म्हणजे भोगवटापत्राबरोबर (इमारत वापरायला महापालिका देते तो दाखला) आलेला अखेरचा, आणि मिळकत पत्रिका किंवा सातबारा, जे असेल ते. नकाशा सोसायटीत सापडत नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडून माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाचं शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. नकाशा हातात आला की टेप घेऊन खांबापासून रेषेपर्यंत स्वतः मोजा. हद्दीवर शंका असेल तरच सरकारी मोजणीच्या फंदात पडा. तुमच्या प्रश्नासाठी बहुतेक वेळा टेप पुरते.

इथे एक भीती मोडून काढते, कारण ती प्रत्येक मीटिंगमध्ये निघते. ‘आपलं कन्व्हेयन्स झालेलं नाही, जमीन अजून बिल्डरच्या नावावर, आपण तक्रार कशी करणार?’ करू शकता. गुन्हेगारी अतिक्रमणाच्या व्याख्येत, न्याय संहितेचं कलम ३२९, शब्द ‘मालकी’ नाही, ‘ताबा’ आहे. आवार तुमच्या ताब्यात आहे, झाडलोट, दिवे, वॉचमन सगळं तुमचं आहे, तेवढं तक्रारीला पुरतं. डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डर सही करत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं, जरूर करा, पण ते वेगळ्या कारणांसाठी.

त्याच कलमात तुमची अडचणही आहे. नुसतं परवानगीशिवाय आत येणं म्हणजे लगेच गुन्हा नाही. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. पहिल्यांदा जेवायला आलेल्या, बायकामुलांना घेऊन आलेल्या माणसाला जागा मोकळी दिसली, त्याने गाडी लावली. त्याचा हेतू पनीर खायचा आहे, तुम्हाला त्रास द्यायचा नाही. चौकीतला हवालदार हे ओळखून असतो, म्हणून तो तक्रार घ्यायला कां कूं करतो. तिथे ठळक पाटी असेल, आधी दोनदा चिठ्ठी लावलेली असेल, फोटो असतील आणि तरी तीच गाडी तिसऱ्यांदा आली असेल, तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही. पाटी, चिठ्ठी, वही हे सगळं कंटाळवाणं काम करायचं ते एवढ्यासाठी.

पाटी साधी ठेवा. ‘खाजगी जागा. फक्त सभासदांच्या वाहनांसाठी.’ खाली सोसायटीचं नाव आणि एक मोबाइल नंबर. नंबर महत्त्वाचा, कारण निम्मे लोक चुकून आलेले असतात आणि फोन करून विचारतात. पाटी आपल्या भिंतीवर किंवा फाटकावर लावा. रस्त्यावर, फुटपाथवर स्वतःचे ‘नो पार्किंग’ बोर्ड रोवू नका. सार्वजनिक रस्त्यावर पार्किंग कुठे असावं, कुठे नसावं हे ठरवण्याचा अधिकार सोसायटीला नाही, आणि तो बोर्ड उद्या तुमच्याच विरुद्ध अतिक्रमण म्हणून दाखवला जाईल.

चिठ्ठीबद्दल. मी वापरते तो मजकूर असा: ‘नमस्कार. ही सोसायटीची खाजगी जागा आहे. आपली गाडी क्र. ____ आज ता. ____ रोजी ____ वाजता इथे आढळली. इथे गाडी लावल्याने सभासदांना आत-बाहेर करता येत नाही. कृपया पुन्हा लावू नये. गाडीचा फोटो नोंदीसाठी घेतला आहे.’ खाली सही नाही, शिक्का. कागद वायपरखाली सरकवायचा. खळ, फेव्हिकॉल, स्टिकर काही नाही. एका ठिकाणी वॉचमनने पुढच्या काचेवर स्टिकर असा काही चिकटवला की मालक काच बदलायचं बिल घेऊन आला आणि मग चर्चा पार्किंगची राहिलीच नाही. फोटोत गाडीचा नंबर आणि मागे तुमची पाटी एकाच चौकटीत आली पाहिजे. वहीत तारीख, वेळ, नंबर, काय केलं, एवढ्या चार रकान्यांत नोंद करायची. तीन शनिवार-रविवार पुरतात. त्या वहीकडे बघून जे कळतं ते तुम्हाला आत्ता माहीत नाही.

काय कळतं? सांगते. माझ्याकडे तुमच्यासारखंच प्रकरण होतं. हॉटेल शेजारी, शनिवारी वीस-बावीस गाड्या. कमिटीचं म्हणणं, पुणेकरांना शिस्तच नाही. तिसऱ्या शनिवारी मी स्वतः साडेआठ वाजता फाटकापाशी खुर्ची टाकून बसले. एकही ग्राहक आमच्या आवारात गाडी घेऊन आला नाही. ग्राहक हॉटेलच्या दारात उतरत होते आणि काळा टी-शर्ट घातलेली दोन पोरं किल्ल्या घेऊन गाड्या आमच्याकडे आणून लावत होती. वॅले पार्किंग! कमरेच्या पाउचमध्ये किल्ल्या, प्रत्येक किल्लीला नंबराची चिठ्ठी. आमचा वॉचमन त्यांना गाडी मागे घ्यायला हात दाखवत होता, ‘येऊ द्या, येऊ द्या, बास.’ नंतर कळलं, त्याला हॉटेलातून रोज रात्रीचं जेवण येत होतं. बिचाऱ्याला आम्ही देत होतो तो पगार बघता मी त्याला फार बोलू शकले नाही.

म्हणजे बावीस बेशिस्त माणसं नव्हतीच. एक हॉटेल होतं आणि त्याने आपला धंदा आमच्या जागेवर चालवला होता. बावीस जणांना शिस्त लावणं अशक्य आहे. एका हॉटेलमालकाला पत्र लिहिणं शक्य आहे. आणि इथे हेतूचा प्रश्नही उरत नाही, कारण हॉटेल रोज, जाणूनबुजून, नफ्यासाठी ते करतंय. तुमच्याकडेही वॅले आहे का ते या शुक्रवारी बघा. दीड वर्षं शनिवार-रविवारी इतक्या नेमाने गाड्या येताहेत, त्यावरून मला तरी तोच वास येतोय.

असेल तर क्रम असा ठेवा. आधी चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांनी दुपारी, गर्दी नसताना, मालकाला भेटायचं. मॅनेजरला नाही, मालकाला. वही आणि फोटो बरोबर न्यायचे, आवाज चढवायचा नाही. आमच्या वेळी मालक म्हणाले, ‘अहो, माझ्या पार्किंगमध्ये जागाच नाही, मी तरी काय करू?’ मी म्हटलं, चला बघू. मागच्या बाजूला नकाशात पार्किंग दाखवलेल्या जागेत पत्र्याची शेड घालून फॅमिली सेक्शन केला होता. फिशटँकसकट. ते तिथेच ओशाळले, आणि पुढचं बोलणं सोपं झालं.

भेटीने भागलं नाही तर लेखी पत्र, हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. प्रती पोलीस ठाण्याला आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला, दोन्हीकडून आवक क्रमांक घ्यायचा. आवक क्रमांक नसलेलं पत्र म्हणजे आपण आपल्यालाच लिहिलेलं पत्र. हॉटेलने मंजूर पार्किंगमध्ये टेबलं मांडली असतील तर बांधकाम विभागाकडे स्वतंत्र तक्रार करा. मंजूर नकाशाबाहेरच्या बांधकामाला आणि वापरातल्या बदलाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नोटीस निघते. हे अस्त्र मी शेवटी काढते, कारण एकदा काढलं की शेजारधर्म संपतो. त्याच्याही पुढे वकिलामार्फत नोटीस आणि दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमाचा दावा. आजवर माझ्याकडच्या एकाच प्रकरणात दाव्यापर्यंत जावं लागलं. बाकी ठिकाणी नोटिशीच्या आसपास मालकाला पलीकडच्या शाळेचं मैदान रात्रीपुरतं भाड्याने मिळू शकतं हे अचानक सुचलं.

वॅले नसेल, खरोखरच सुटे ग्राहक येत असतील, तर पत्रांपेक्षा लोखंड कामाला येतं. बूम बॅरियर, म्हणजे वर-खाली होणारा दांडा, सगळ्यांना आवडतो, पण बारा फ्लॅटला त्याची देखभाल जड जाते आणि रात्री तो उघडाच ठेवला जातो. त्यापेक्षा प्रत्येक जागेच्या तोंडाशी घडीचा खांब, ज्याला कुलूप लागतं आणि जो आडवा पाडता येतो, किंवा पूर्ण तोंडाला एक जाड साखळी. कुठलाही फॅब्रिकेटर करून देतो. साखळीला लाल-पांढरी रिफ्लेक्टर पट्टी लावायला विसरू नका. अंधारात स्कूटरवाला अडकून पडला तर दवाखान्याचा खर्च तुमच्या माथी. अग्निशमनच्या गाडीची वाट अडेल असा कायमचा खांब कुठेही गाडू नका. आणि हे सगळं फाटकाच्या रेषेच्या आत. बाहेर एक कुंडीसुद्धा नको.

वॉचमनबद्दल दोन शब्द, कारण सगळी व्यवस्था शेवटी त्याच्यावर येते. आपला वॉचमन सायकलवाल्या कुरिअरला अडवतो आणि पांढऱ्या मोठ्या गाडीला सलाम ठोकतो. मोठ्या गाडीतल्या माणसाने खडसावलं तर कमिटी आपल्या बाजूने उभी राहणार नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. त्याला ‘कुणालाही सोडू नकोस’ असं मोघम सांगू नका. एक छापील कागद द्या: सभासदांच्या गाड्यांचे नंबर, आणि परकी गाडी आली तर म्हणायचं एकच वाक्य, ‘साहेब, कमिटीचा ठराव आहे, नोंद केल्याशिवाय सोडता येत नाही, या नंबरवर बोला.’ पुढचं बोलणं फोनवरच्या माणसाने करायचं. शनिवार-रविवारी तो फोन कुणी उचलायचा याची पाळी लावा. बारा घरं आहात, तीन महिन्यांत एकदा एका घराला येईल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वही भरायला लागलात की दोन वेगळ्याच गाड्या सापडतील, म्हणून सांगते. एक असते रोज रात्री येणारी, तीच ती. समोरच्या चाळीतल्या कुणाची तरी, आणि कधी काळी कुणीतरी ‘लावा हो’ म्हणून गेलेलं असतं. अशा माणसाशी भांडू नका, पण त्याला लेखी द्या: ‘आपण सोसायटीच्या परवानगीने इथे गाडी लावत आहात, ही परवानगी अमुक तारखेला संपते.’ लोक म्हणतात, परवानगी कशाला द्यायची, त्याने तर त्याचा हक्क तयार होईल. उलट आहे. सुविधाधिकार कायदा, १८८२ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, हक्क म्हणून, विनाखंड वापर केल्याचा दावा करता येतो. ज्याला तुम्ही परवानगी दिली आहे त्याचा वापर हक्काचा राहत नाही, आणि परवानगी काढून घेता येते. पार्किंगचा असा हक्क कोर्टात टिकतो की नाही यावर वकील वाद घालतील. एक पत्र लिहिलं की तो वाद तुमच्या दारात येत नाही.

दुसरी असते धूळ खात पडलेली. चाकं बसलेली, बॉनेटवर मांजर. तिला भंगारवाल्याला देण्याचा मोह आवरा. ती चोरीची असू शकते, बँकेची असू शकते, तुमच्याच तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या भाडेकरूची असू शकते. नंबर, चासी नंबर दिसत असेल तर तो आणि फोटो जोडून पोलीस ठाण्याला पत्र द्या आणि पोच घ्या. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक शोधू म्हणाल तर नाव अर्धवट झाकलेलं दिसतं आणि फोन मिळत नाही. मालकापर्यंत पोलिसच पोचू शकतात. वेळ लागतो.

आणि गाडी सभासदाचीच किंवा त्याने आपली जागा बाहेरच्याला भाड्याने दिल्यामुळे आलेली निघाली, तर तो मामला संपूर्ण वेगळा. सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, म्हणजे आदर्श उपविधींत, ७८ पासून ८४ पर्यंत पार्किंगचंच आहे, आणि वाटप झालेली जागा विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. ‘मी बिल्डरला वेगळे पैसे दिलेत’ हा युक्तिवाद आला तर पांचाली सोसायटीच्या खटल्यात, दहिसरची सोसायटी, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे की स्टिल्ट आणि मोकळं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. तो निकाल १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याखालचा आहे. रेरा नोंदणी असलेल्या नव्या इमारतीत आच्छादित पार्किंगचा हिशेब वेगळा असतो, मोकळ्या जागेचा मात्र तोच. तुमची इमारत कधीची आणि ती सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अपार्टमेंट असेल तर हे उपविधी जसेच्या तसे लागू नाहीत, तुमचं डिक्लेरेशन, म्हणजे अपार्टमेंटचा नोंदलेला घोषणापत्राचा दस्त, काढून बघा.

तर एवढ्यात करायचं ते असं: या शुक्रवारी साडेआठला फाटकापाशी बसून किल्ल्या कुणाच्या हातात आहेत ते बघा, सोमवारी नकाशा शोधा किंवा अर्ज टाका, आणि तीन आठवडे वही भरा. जॅमरची ऑर्डर दिली असेल तर रद्द करा. वहीतले पहिले तीन आठवडे इथे लिहिलेत तर हॉटेलला द्यायच्या पत्राचा मजकूर मी बघून देईन.

यातलं काहीही लागू पडायला महिना-दीड महिना जाईल, आणि सासरे आजच घरी आहेत. तेव्हा शुक्रवार ते रविवार संध्याकाळी सहाच्या आत तुमची गाडी आतल्या खांबाशी न लावता फाटकाच्या तोंडाशी, आतल्याच बाजूला पण बाहेर तोंड करून लावा. तिची एक किल्ली तळमजल्यावरच्या घरी ठेवा, म्हणजे इतर सभासदांना बाहेर पडायचं असेल तर त्यांचं अडणार नाही. त्या जागी कुणी सभासद एरवी लावत असेल तर त्यांच्याशी आजच बोलून घ्या. सासऱ्यांचं कारण ऐकून नाही म्हणणारा सभासद मला अजून भेटलेला नाही. आणि १०८ ला फोन करायची वेळ आली तर वॉचमनला आधी रस्त्यावर उभं करा. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर हॉटेलच्या दिव्यांकडे बघतो आणि तुमचं फाटक ओलांडून पुढे जातो.